सत्तावीस वर्षांची खतावणी आणि नवा स्क्रीन

ताई, नमस्कार.

मी ठाण्याच्या नौपाड्यातल्या एका पतसंस्थेत २७ वर्षं हिशेबाच्या टेबलावर आहे. वय ५४. कीर्द (रोजच्या नोंदींची वही), खतावणी (खात्यांची वही), तेरीज (सगळ्या शिल्लकांचा ताळा) सगळं हातानं लिहीत इथवर आले. संगणक होता, पण त्यावर पावत्या आणि व्याजाचे तक्ते निघायचे. खरा हिशेब वहीतच असायचा. या एप्रिलपासून सगळं काम नव्या सॉफ्टवेअरवर गेलं आणि माझ्या चुका सुरू झाल्या. आवर्त ठेवीचा हप्ता मी दोनदा चढवते. जुन्या सभासदाला नवा ग्राहक क्रमांक देऊन बसते. काल चुकलेली रक्कम आज उलटी नोंद टाकून सरळ करायला जाते आणि गोंधळ वाढतो. गेल्या महिन्यात तर एक नोंद मी मंजूर केली याची मला पक्की खात्री होती, व्हाउचरवर टिक केल्याचं डोळ्यांसमोर दिसत होतं. ती नोंद तशीच पडून होती. त्यामुळे दिवसाचा हिशेब बंद होईना आणि सगळ्यांना उशिरापर्यंत थांबावं लागलं. शेजारी बसणारा मुलगा चांगला आहे, पण आता तोही म्हणतो, ‘ताई, सिस्टीम आपोआप करते हो, तुम्ही काही करू नका.’

त्यात मार्चमध्ये आमची इमारत पुनर्विकासाला गेली आणि आम्ही कोपरखैरण्याला भाड्यानं राहायला आलो. इथल्या सगळ्या गल्ल्या सारख्या. दोनदा मी भलत्याच सेक्टरमध्ये जाऊन उभी राहिले. माझ्या आईला शेवटी विस्मरण झालं होतं. माझंही तेच सुरू झालंय का? राजीनामा लिहून पर्समध्ये ठेवला आहे. रोज रात्री घरी त्या दिवसाच्या नोंदी जुन्या पद्धतीनं वहीत उतरवते, तेवढाच धीर येतो. परवा पिग्मी एजंटच्या, म्हणजे रोजची छोटी बचत गोळा करणाऱ्याच्या, भरण्यात १८० रुपयांचा फरक आला, तो मात्र मीच दोन मिनिटांत शोधला.

— एक वाचक, कोपरखैरणे

प्रिय ताई,

शेवटचं वाक्य तुम्ही जाता जाता लिहिलंत, मी मात्र तिथेच थांबले. १८० ला नऊनं भाग जातो. १,५३० च्या जागी १,३५० असं काहीतरी पडलं असणार, हे तुम्हाला फरक ऐकताच सुचलं असेल. शेजारशेजारचे दोन आकडे उलटे पडले की फरक नेहमी नऊच्या पटीत येतो, हे हिशेबात मुरलेल्या माणसाला आठवावं लागत नाही. आणि फरक नऊच्या पटीत नसता, तर तुम्ही आधी एखादी अख्खी रक्कम गाळली गेली का ते पाहिलं असतं. तेरजेतला फरक असता तर त्याच्या निम्मी रक्कम चुकीच्या बाजूला बसली आहे का, ते शोधलं असतं.

म्हणजे चिठ्ठीवरचा आकडा न आकडा तुम्ही तपासत बसला नाहीत. कुठे पाहायचं ते मनात आधीच ठरलेलं होतं. अनुभवातून मनात तयार होणाऱ्या अशा रचनेला मानसशास्त्रात स्कीमा म्हणतात. मी इथे साधं चौकट म्हणते. आलेली माहिती कुठे ठेवायची, तिच्यासोबत आणखी काय असायला हवं, काय दिसलं नाही तर संशय घ्यायचा, हे सगळं चौकट ठरवते आणि आपल्याला न विचारता ठरवते. विल्यम चेस आणि हर्बर्ट सायमन या अमेरिकन संशोधकांचे बुद्धिबळपटूंवरचे प्रयोग १९७३ साली प्रसिद्ध झाले. खऱ्या डावातली मांडणी पाच सेकंद दाखवून पट झाकला, तर कसलेला खेळाडू नवशिक्यापेक्षा कितीतरी जास्त मोहरे बरोबर जागी परत मांडतो. तेच मोहरे पटावर कसेही विखरून ठेवले, की त्याची ही आघाडी जवळजवळ संपते. माणूस तोच, वेळ तेवढाच. फक्त त्याच्या चौकटीला पटावर ओळखीचं काही सापडत नाही. असा खेळाडू त्या क्षणी मठ्ठ वाटेल, पण त्याच्या डोक्याला काही झालेलं नसतं.

विस्मरणाच्या भीतीकडे मी येणारच आहे. आधी तुमच्या चार चुका नीट पाहू, कारण उत्तराचा मोठा भाग त्यांच्यातच आहे.

मी त्या एकाखाली एक लिहून काढल्या. चारही गोष्टी जुन्या वहीत बरोबर ठरल्या असत्या. वहीत हप्ता आधी कीर्दीत यायचा आणि मग खतावणीत सभासदाच्या पानावर जायचा. ही दुसरी नोंद राहिली तर सभासदाच्या खात्यावर त्याचे पैसे दिसायचेच नाहीत. ती एकदाही न विसरणं हेच तुमचं २७ वर्षांचं काम होतं, आणि तुमचा हात आजही ते इमानानं करतो आहे. नव्या ग्राहक क्रमांकाचंही तेच. वहीच्या व्यवस्थेत रजिस्टर आधी येतं, माणूस नंतर. ठेवींचं रजिस्टर निराळं, कर्जाचं निराळं, भागांचं (शेअर्सचं) निराळं; एकच सभासद तीन ठिकाणी तीन क्रमांकांनी नांदतो. तिथे नवी ठेव म्हणजे नवं पान आणि नवा क्रमांक. सॉफ्टवेअरनं हे उलटं केलं आहे. तिथे माणूस आधी, त्याला एकच ग्राहक क्रमांक, आणि त्याची सगळी खाती त्या क्रमांकाखाली. उलटी नोंद टाकून दुरुस्ती करणं हाही हातानं हिशेब लिहिणाऱ्याचा प्रामाणिक मार्ग: खाडाखोड करायची नाही, दुरुस्तीची नोंद तारीख घालून लिहायची, ज्याला शंका येईल त्यानं दोन्ही वाचाव्यात. माणसाला ते वाचून कळायचं. सिस्टीमला त्या दोन नोंदींचं नातं कळत नाही. तिच्या लेखी ते दोन स्वतंत्र व्यवहार. तिला मूळ नोंद दाखवून ‘हीच रद्द कर’ असं सांगावं लागतं.

स्मरणशक्ती खरोखर कमी होत असेल तर चुका कामाबाहेरही, विखुरलेल्या दिसू शकतात. आज हप्ता राहील, उद्या सभासदाचं नाव आठवणार नाही, परवा किल्ली सापडणार नाही. तुमच्या चुका मात्र सगळ्या एकाच दिशेनं जातात, वहीच्या दिशेनं. इतकं पक्कं धरून ठेवणारं मन दुबळं म्हणता येत नाही.

मग ते नवं का घेत नाही? स्विस मानसशास्त्रज्ञ जाँ पियाजे (१८९६–१९८०) यांनी मुलांचं वर्षानुवर्षं निरीक्षण करून मनाच्या दोन वाटा मांडल्या. नवीन काही समोर आलं की मन आधी ते जुन्या चौकटीतच बसवून पाहतं. बसता बसत नाही असं लक्षात आलं, तरच चौकट बदलायला घेतं. डी.एड. केलेल्या वाचकांना सात्मीकरण आणि समायोजन हे दोन धडे आठवतील. पहिली वाट सोपी, कमी कष्टाची, म्हणून मन जमेल तितका वेळ तिच्यावरूनच चालतं. यात वयाचा प्रश्न नाही, लहान मुलंही हेच करतात. स्टेला व्होस्नियाडू आणि विल्यम ब्रूअर या संशोधकांनी शाळकरी मुलांना पृथ्वीबद्दल प्रश्न विचारले. तो अभ्यास १९९२ साली छापून आला. पृथ्वी गोल आहे हे मुलांना शिकवलेलं होतं आणि पायाखालची जमीन तर सपाट दिसते. काही मुलांनी दोन्हींचा मान राखला. कुणी म्हणालं, पृथ्वी गोल आहे, पण चकतीसारखी. कुणी म्हणालं, ती पोकळ गोळा आहे आणि आपण आत, सपाट जमिनीवर राहतो. मला हा अभ्यास फार आवडतो, कारण यातलं एकही मूल चुकीचं ऐकत नव्हतं. त्यांनी नवी माहिती घेतली, फक्त जुन्या जमिनीला धक्का न लावता घेतली.

दोनदा चढवलेला हप्ता मला याच जातीचा वाटतो. ‘आता हिशेब स्क्रीनवर’ हे तुम्ही स्वीकारलंत, पण स्क्रीन ही नवी वही असं धरून. म्हणून त्या वहीतही तुम्ही कीर्द एकदा आणि खतावणी एकदा लिहिता.

मंजुरीची गोष्ट थोडी वेगळी आहे, आणि तिचीच तुम्ही सर्वांत जास्त धास्ती घेतली आहे. जे केलं नाही ते केल्यासारखं स्पष्ट दिसणं कुणालाही घाबरवेल. याच ब्रूअर यांनी जेम्स ट्रेयन्स यांच्यासोबत केलेला एक प्रयोग १९८१ साली प्रसिद्ध झाला. प्रयोगाला आलेल्यांना एका विद्यापीठातल्या ऑफिसमध्ये अर्ध्या मिनिटाहून थोडा जास्त वेळ बसवलं, मग दुसऱ्या खोलीत नेऊन विचारलं, आधीच्या खोलीत काय काय होतं? खोलीत पुस्तकं नव्हती. तरीही काहींनी पुस्तकं पाहिल्याचं सांगितलं, कारण अशा खोलीत पुस्तकं असतात. त्याच्याही खूप आधी, १९३२ साली, केंब्रिजच्या फ्रेडरिक बार्टलेट यांनी दाखवून दिलं होतं की उत्तर अमेरिकेतल्या मूळ रहिवाशांची एक लोककथा इंग्रज वाचक पुन्हा सांगतात तेव्हा तिच्यातली डोंगी साधी बोट होते आणि सीलची शिकार मासेमारी होऊन जाते. आठवण ही प्रत्येक वेळी नव्यानं रचली जाते. रचताना जिथे मोकळी जागा राहते तिथे चौकट ‘इथे साधारण हेच असतं’ असं म्हणून भरणा करते, आणि भरलेला भाग खऱ्या भागाइतकाच स्पष्ट दिसतो.

तुमच्या बाबतीत तर मला वाटतं, टिक तुम्ही खरोखरच केली असेल. २७ वर्षं व्हाउचरवरची टिक म्हणजेच मंजुरी होती. आता टिक ही एक कृती आणि स्क्रीनवरची मंजुरी ही दुसरी. पहिली झाली की तुमचं मन दुसरीही झाली असं धरून चालतं. यावर उपाय आठवण ताणून बघणं हा नाही. दिवस बंद करण्याआधी मंजुरीसाठी बाकी असलेल्या नोंदींची यादी उघडायची आणि ती रिकामी असल्याचं डोळ्यांनी पाहायचं. तुम्हीच नव्हे, शेजारच्या मुलानंही. दुसऱ्याच्या पैशाच्या कामात ‘मला पक्कं आठवतंय’ यावर पंचविशीतल्या माणसानंही विसंबू नये.

आता ‘सिस्टीम आपोआप करते’ या वाक्याबद्दल. तो मुलगा आपुलकीनं म्हणतो हे मला पत्रातून कळतं. पण तुमच्या शिकण्याच्या वाटेत आज सर्वांत मोठी अडचण हेच वाक्य आहे. ‘आपोआप’ म्हटलं की आत काय होतं ते झाकलं जातं, आणि तुम्हाला नेमकं तेच दिसायला हवं आहे. हे बटण दाबा, मग ते दाबा, अशी यादी पाठ करून चौकट बदलत नाही. यादीतली एक पायरी विसरली की मन पुन्हा वहीकडे धावतं. कामाचा आकार कुठे बदलला ते कळलं तर बदलते.

तो बदल मी माझ्या शब्दांत सांगते. नव्या व्यवस्थेत खतावणी कुणी लिहीतच नाही. लिहिली जाते ती एकच नोंद. कीर्द म्हणजे त्या नोंदी तारखेनं लावून पाहणं. खतावणी म्हणजे त्याच नोंदी खात्यानं लावून पाहणं. तेरीज म्हणजे सगळ्या खात्यांच्या शिल्लका एका पानावर पाहणं. पूर्वी ही तीन लिहिण्याची कामं होती, आता तीन पाहण्याची झाली. दोनदा हप्ता आणि उलटी नोंद या दोन्ही चुकांचं मूळ इथे आहे.

म्हणून त्या मुलाला एक दिवस अर्धा तास मागा आणि असं सांगा: ‘मला बटणं नकोत. आवर्त ठेवीचा ५०० रुपयांचा एकच हप्ता घेऊ, आणि तो कुठे कुठे उमटतो ते सगळं दाखव.’ दिवसाच्या कीर्दीत, सभासदाच्या खात्यावर, आवर्त ठेवीच्या एकूण शिल्लकेत, हातातल्या रोकडीत, तेरजेत. सॉफ्टवेअरची सरावासाठी वेगळी प्रत असेल तर तिच्यावर तो हप्ता रद्दही करून बघा आणि त्या सगळ्या जागा पुन्हा पाहा. तुम्हाला दिसेल की जमा आणि नावे समान असलीच पाहिजेत, हे तुमचं मूळ ज्ञान तिथे जसंच्या तसं आहे. इटलीतले गणितज्ञ लुका पाचोली यांनी ही पद्धत १४९४ साली व्हेनिसमध्ये छापून मांडली, तिच्यावरच तुमची वही उभी होती आणि हा स्क्रीनही उभा आहे. एवढं जुनं, भक्कम काही तुमच्या हातात असताना तुम्ही स्वतःला नवशिकी म्हणू नये असं मला मनापासून वाटतं.

याला आधार आहे. एडिनबरा विद्यापीठात रिचर्ड मॉरिस यांच्या गटानं उंदरांवर केलेलं काम २००७ साली प्रसिद्ध झालं. एका बंदिस्त जागेत कुठल्या चवीचा खाऊ कुठल्या खड्ड्यात मिळतो, अशा सहा जोड्या उंदरांना शिकवल्या. त्याला कित्येक आठवडे लागले. पण एकदा त्या जागेची चौकट पक्की झाल्यावर नव्या दोन जोड्या ते एकाच खेपेत शिकले. आणि दुसऱ्या एका रचनेत चव आणि जागा यांच्या जोड्या सतत बदलत्या ठेवल्या, तेव्हा त्यांना ते जमलं नाही. उंदरांवरून माणसाबद्दल सगळंच सांगता येत नाही, पण यातून दोन गोष्टी मी तुमच्यासाठी उचलते. सुरुवातीचे आठवडे संथ असतात आणि मग वेग अचानक वाढतो, तेव्हा एप्रिलपासूनच्या संथपणावरून पुढचं ठरवू नका. दुसरी गोष्ट, शिकवणारा एकच ठेवा. एक जण शॉर्टकटनं दाखवतो, दुसरा मेन्यूतून, तिसरा म्हणतो आधी ग्राहक शोधा आणि चौथा म्हणतो आधी खातं. असं चालू राहिलं तर चौकट धरणारच नाही.

रात्रीची वही. ती धीर देते हे मला समजतं, पण तुम्ही दिवसा नवी चौकट दोन बोटं पुढे सरकवता आणि रात्री जुनी पुन्हा घट्ट करता. शिवाय सभासदांची नावं आणि रकमा घरी नेणं योग्य नाही. ते तर आजच थांबवा. वही मात्र टाकू नका. ती ऑफिसच्या खणात ठेवा आणि तिचं काम बदला. दिवसातल्या चार-पाच नोंदींच्या आधी, बटण दाबण्यापूर्वी, आपला अंदाज लिहा: आता शिल्लक किती होईल, ही नोंद कुठे दिसेल, मंजुरीला जाईल की लगेच लागेल. मग बटण दाबा आणि ताडून पाहा. अंदाज बरोबर आला तर पुढे चला. चुकला तर तिथे थांबा आणि ‘मला काय वाटलं होतं आणि का’ हे एका ओळीत लिहा. चौकट बदलायचं काम त्या एका ओळीत होतं, कारण न बसणारी जागा तिथे तुम्हाला स्वतःला दिसते. कुणी ‘चुकलं’ म्हणून नोंद दुरुस्त करून दिली, तर ती दिसत नाही.

खात्रीनं चुकल्यावर तुम्हाला शरम वाटते. जेनेट मेटकाफ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००१ साली सामान्यज्ञानाच्या प्रश्नांवर दाखवलं की जी चूक माणूस पूर्ण खात्रीनं करतो, ती बरोबर उत्तर कळल्यावर पुढच्या वेळी जास्त चांगली सुधारते. धक्का बसतो, लक्ष वेधलं जातं. २०१५ साली त्यांनीच वयस्कर आणि तरुण यांची तुलना केली, तेव्हा चुका सुधारण्यात वयस्कर माणसं तरुणांपेक्षा सरस निघाली. वयानुसार कामाचा वेग थोडा कमी होतो, हे खरं आहे आणि मी ते तुमच्यापासून लपवणार नाही. शेजारचा मुलगा भराभर बोटं चालवतो, तशी तुमची कदाचित चालणार नाहीत. पण त्याला जुनी चौकट बाजूला सारायचीच नव्हती, म्हणून त्याचं शिकणं सोपं दिसतं. तुमच्याशी तुलना करायची तर त्याला १८० रुपयांचा फरक शोधायला द्यावा लागेल.

गर्दीच्या वेळी तुम्ही जास्त चुकत असणार, पत्रात लिहिलं नसलं तरी. घाई आणि ताण असला की मन सवयीच्या वाटेनंच जातं. म्हणून पहिले काही महिने दहा तारखेच्या आसपासची, हप्त्यांच्या रांगेची वेळ शक्य असेल तर काउंटरवर घेऊ नका. आणि टेबलावरची जुनी रजिस्टरं कपाटात हलवा. ती समोर दिसत राहिली की हात त्यांच्याच पद्धतीनं चालू लागतो.

आता कोपरखैरणे. नौपाड्यात तुम्ही रस्ते खुणांनी ओळखत होता: तलावपाळी, गडकरी रंगायतन, कौपीनेश्वर, जांभळी नाका, घंटाळी. ठाणं तसंच वाढत गेलं, तलावाभोवती आणि बाजाराभोवती. नवी मुंबई आधी कागदावर आखली गेली. १९७० साली हे शहर वसवणारी सरकारी कंपनी सिडको स्थापन झाली आणि एकेक नोड (म्हणजे उपनगर), त्यात सेक्टर, सेक्टरमध्ये प्लॉट असं शहर उभं राहिलं. इथे खूण शोधत गेलात तर सारखीच दुकानं आणि सारखेच कोपरे भेटतात, कारण हे शहर क्रमांकानं वाचायचं आहे. मानसशास्त्रज्ञ एडवर्ड टोलमन यांनी १९४८ साली मांडलं होतं की उंदीरसुद्धा वळणं नुसती पाठ करत नाहीत, जागेचा नकाशा मनात तयार करतात. तुम्ही रोज एकाच वाटेनं स्टेशनवरून घरी येत असाल, तर वळणं पाठ होतील पण नकाशा होणार नाही. एखाद्या रविवारी तुमच्या सेक्टरच्या हद्दीच्या रस्त्यांवरून पूर्ण फेरी मारा, फोनमधल्या बाईचा आवाज बंद ठेवून, आणि घरी आल्यावर कागदावर काढा: स्टेशन कुठे, शेजारचे सेक्टर कुठल्या बाजूला. कागद चुकला तर पुढच्या रविवारी पुन्हा. नव्या जागी आल्यावर सुरुवातीच्या महिन्यांत भलत्या सेक्टरला जाणं यात मला काही गंभीर दिसत नाही. याच काळात तुम्ही घर बदललं आणि कामाची पद्धतही बदलली. दोन मोठ्या चौकटी एकदम हलल्या, आणि घरी-दारी दोन्हीकडे चुकल्यामुळे तुम्हाला ते एकच दुखणं वाटलं.

आईचा अनुभव मात्र तुम्ही डोळ्यांनी पाहिला आहे, म्हणून ती भीती नुसत्या समजुतीनं जाणार नाही. काळजी कशाची करायची ते सांगते. नौपाड्यातल्या स्वतःच्याच वर्षानुवर्षांच्या रस्त्यावर वाट चुकणं. तोच प्रश्न थोड्या वेळात पुन्हा विचारणं आणि आधी विचारल्याचं अजिबात न आठवणं. रोजचा स्वयंपाक किंवा साधा व्यवहार मध्येच अडणं. नेहमीच्या वस्तूंची नावं वारंवार न सुचणं. आणि हे तुमच्याआधी घरच्यांच्या लक्षात येणं. यातलं काही असेल तर न्यूरॉलॉजिस्टना भेटाच. नसलं तरी या वयात एकदा फॅमिली डॉक्टरांकडे जाऊन बी-१२ आणि थायरॉइडची तपासणी करून घ्या, झोप कशी आहे आणि पाळी जाण्याच्या काळातला त्रास आहे का, तेही मोकळेपणानं सांगा. मन उदास राहत असेल तर तेसुद्धा. या सगळ्यांमुळे लक्ष आणि आठवण कमी होऊ शकते, आणि यावर उपचार आहेत. मी तुम्हाला तपासलेलं नाही. पत्रावरून जेवढं दिसतं तेवढंच बोलते आहे.

राजीनामा पर्समध्ये घेऊन कामावर जाऊ नका. घरच्या कपाटात ठेवा. प्रत्येक चुकीनंतर हात त्या चेनकडे जात असेल तर चुकीकडे नीट पाहायला मन थांबणार कसं? नव्या व्यवस्थेत एकदा मार्चअखेर करा, तेरीज जुळलेली बघा आणि त्यानंतरही जावंसं वाटलं तर जा. तेव्हाचा निर्णय तुमचा असेल. आजचा निर्णय भीतीचा आहे.

त्याआधी शाखाधिकाऱ्यांशी बोलायला हवं. माफीच्या सुरात बोलू नका. असं म्हणता येईल: ‘माझ्या चुका कुठे होतात ते मला कळलं आहे. दोन महिने गर्दीच्या तारखांना मला काउंटर नको आणि आठवड्यातून एक तास या मुलासोबत बसू द्या. त्या बदल्यात एजंटांच्या भरण्याचे फरक आणि ऑडिटच्या शंका मी पाहते.’ हा सौदा संस्थेच्याही फायद्याचा आहे, आणि तो मुलगा तुमच्याकडून फरक शोधायला शिकेल.

आणि ज्या सभासदांना तुमच्या हातून दोन ग्राहक क्रमांक पडले, त्यांची यादी त्याच भेटीत स्वतःहून द्या. ते क्रमांक एकत्र करायचा अधिकार बहुधा वरच्या लॉगिनलाच असतो. वर्षअखेरीची धावपळ सुरू झाली की कुणाला वेळ मिळत नाही, आणि तोवर त्या सभासदांची ठेव एका क्रमांकावर आणि कर्ज दुसऱ्यावर राहील.

तुमची,
ताई